नमाज, उदासी आणि इमाम गजालींची गेलेली वाचा

गेल्या रमजाननंतर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. दुकान बंद पडलेले, वर हातउसने आणि बँकेचे मिळून कर्ज. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला. पुढे ठेवलेला चहा गार झाला. मग म्हणाला, "सर, एक विचारू का? सगळे म्हणतात पाच वक्तांची नमाज पढ, टेन्शन निघून जाईल. मी पढतो. फजरसुद्धा चुकवत नाही. तरी रात्री तीनला डोळे उघडतात आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. चाचा म्हणाले, तुझं ईमान कच्चं आहे. खरंच तसं असेल का?"

मी काही आलिम नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्याला तेव्हा दोन धीराचे शब्द सांगून वाटेला लावले, पण प्रश्न माझ्याकडेच राहिला. मोबाइलवर रोज येणारे संदेशही डोळ्यांपुढे होते: सजद्यात मेंदूला रक्तपुरवठा वाढतो, वुजूने नसा शांत होतात, अमुक देशातल्या डॉक्टरांनी हे सिद्ध केले. कोण डॉक्टर, कोणते इस्पितळ, त्याचा पत्ता कुठेच नसतो. नमाजला अशा उसन्या प्रमाणपत्राची गरज आहे असे मला कधी वाटले नाही. त्यापेक्षा आपल्याच इतिहासात पाहावे, की दुःखात बुडालेल्या माणसाला नमाजविषयी काय सांगितले गेले आणि त्या लोकांनी स्वतः काय केले. पुढचे महिनाभर हाताशी असलेली उर्दू पुस्तके पुन्हा उघडली. त्यातून जे समजले ते इथे मांडतो.

सुरुवात मक्केतूनच करावी लागते. प्रेषित्वाचे दहावे वर्ष, म्हणजे इ.स. ६१९ च्या सुमाराचा काळ. बनू हाशिमवरचा बहिष्कार नुकताच उठला होता. थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन माणसे गेली: सांभाळ करणारे चुलते अबू तालिब, आणि पंचवीस वर्षे साथ दिलेल्या पत्नी हजरत खदीजा (र.). सीरतकारांनी या वर्षाला नावच 'आमुल हुज्न' दिले, म्हणजे दुःखाचे वर्ष. मला या नावाचे नेहमी विशेष वाटते. आपल्या सर्वांत लाडक्या माणसाच्या आयुष्यातल्या एका वर्षाला 'दुःख' असे नाव देताना त्या लोकांना संकोच वाटला नाही. प्रेषितांना दुःख कसे होईल, त्यांचे ईमान तर पर्वतासारखे, असे कोणी म्हटले नाही.

त्याच काळात प्रेषित मुहम्मद (स.) आधाराच्या आशेने डोंगरापलीकडच्या ताइफला गेले. सोबत फक्त हजरत जैद (र.). तिथल्या सरदारांनी टोमणे मारले आणि टवाळ पोरे मागे लावली. दगडांनी पाय रक्ताळले. एका बागेत आसरा घेतला, तिथे अद्दास नावाच्या ख्रिस्ती गुलामाने द्राक्षांचा घड आणून दिला. परतीच्या वाटेवर नखला नावाच्या ठिकाणी मुक्काम झाला, आणि सीरतकार सांगतात की त्या रात्री प्रेषित (स.) नमाजला उभे होते. मागचे शहर हाकलून देते, पुढचे शहर परत घेईल की नाही ठाऊक नाही, आणि मध्ये ही रात्रीची नमाज.

पाच वेळची नमाज मेराजच्या रात्री फर्ज झाली. मेराजच्या नेमक्या तारखेबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, पण बहुतेक सीरत ग्रंथ तो प्रसंग याच दुःखाच्या दिवसांनंतर ठेवतात. शाळेत आम्ही मेराज शिकवतो तो वेगळा धडा आणि आमुल हुज्न हा वेगळा धडा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की कळते, आज आपण जी नमाज पढतो ती अत्यंत थकलेल्या, घरचे आधार गेलेल्या माणसाच्या हाती दिली गेली होती.

मदिनेत अजान सुरू झाली आणि ती देण्याचा मान हजरत बिलाल (र.) यांना मिळाला. मक्केच्या तापलेल्या वाळूत छातीवर दगड ठेवून ज्यांना छळले गेले, तेच बिलाल. (माझ्या विद्यार्थ्याने 'छातीवर दगड' म्हटले तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवले.) अबू दाऊदच्या संग्रहात एक प्रसिद्ध हदीस आहे. तिच्यात प्रेषित (स.) बिलाल यांना नमाजची हाक द्यायला सांगतात आणि त्या नमाजने आपल्याला राहत मिळू दे असा शब्द वापरतात. 'राहत' हा शब्द आपण रोज वापरतो, ओझे खाली ठेवल्यावर जे वाटते ते. त्याच संग्रहात हजरत हुजैफा (र.) सांगतात, की काही चिंतेची गोष्ट समोर आली की प्रेषित (स.) नमाजकडे वळत. कुरआननेही सूरह बकरामध्ये दोन ठिकाणी मदत मागण्यासाठी धीर आणि नमाज यांची जोडी सांगितली आहे. तेव्हा नमाजने मनाला आधार मिळतो हे म्हणणे चूक नाही. चाचांची चूक पुढच्या वाक्यात आहे: आधार मिळाला नाही तर दोष तुझा.

हिजरी १० मधला, इ.स. ६३२ च्या सुरुवातीचा एक दिवस पाहा. प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला. अजून दूधपिता होता. प्रेषितांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना नवल वाटले, आपणही रडता? उत्तर मिळाले की ही दया आहे. डोळे रडतात, मन दुःखी होते, पण तोंडून अल्लाहला न आवडणारे निघत नाही. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, प्रेषितांच्या मुलासाठी सूर्यही काळवंडला. एखाद्या शोकाकुल बापाला हे ऐकून बरे वाटले असते. प्रेषितांनी ते तिथेच खोडून काढले: सूर्य-चंद्र कोणाच्या जन्ममरणासाठी झाकोळत नाहीत. आणि लोकांना घेऊन ग्रहणाची नमाज पढली, नेहमीपेक्षा खूप लांब. अश्रू, खरे बोलणे आणि नमाज ही तिन्ही एकाच दिवसात आहेत. नमाज होती म्हणून अश्रू आले नाहीत असे नाही.

याकूब (अ.) यांची गोष्ट तर कुरआनातच आहे. युसुफच्या विरहात रडून रडून डोळे गेले. प्रेषित होते, नमाजी होते, तरी डोळे गेले. त्यांच्या ईमानावर बोट ठेवायची चाचांची तरी हिंमत होईल का?

आता नमाज कशी पढायला सांगितली तेही पाहू, कारण आपण तिचे अनेकदा ओझे करून टाकतो. बुखारी शरीफमध्ये हजरत इमरान बिन हुसैन (र.) यांची हकिकत आहे. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. लाजिरवाणे दुखणे, पण त्यांनी प्रेषितांना सरळ विचारले. उत्तर: उभे राहून पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. दुसरा प्रसंग मशिदीतला. दोन खांबांमध्ये एक दोरी बांधलेली दिसली. चौकशी केली तर कळले, हजरत जैनब (र.) नमाजला उभ्या राहून थकल्या की हिला धरतात. प्रेषित (स.) म्हणाले, सोडा ती दोरी, उमेद असेल तोवर पढावे, थकल्यावर बसावे. हजरत मुआज (र.) यांनी इमामत करताना सूरह बकरा लावली आणि दिवसभर राबून आलेला एक माणूस जमातमधून बाजूला झाला, तेव्हा रागावून घ्यावे लागले ते मुआज यांना, त्या माणसाला नव्हे. मागच्या सफेतून लेकराचे रडणे ऐकू आले तर प्रेषित (स.) आईचा जीव कासावीस होऊ नये म्हणून नमाज आटोपती घेत. आमच्याकडे लेकरू रडले की आधी चार जण वळून आईकडेच बघतात.

आणखी एक बारीकशी गोष्ट. कोणाच्या घरी मयत झाली आणि भेटायला आलेल्या बायका परतल्या, की उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (र.) घरच्या माणसांसाठी तलबीना शिजवायला सांगत. तलबीना म्हणजे जवाच्या पिठाची पातळ पेज, दुधासारखी पांढरी म्हणून ते नाव. प्रेषितांकडून त्यांनी ऐकले होते की ती आजाऱ्याच्या मनाला विसावा देते आणि थोडेसे दुःख घालवते. हदीसमधला तो 'थोडेसे' मला फार मोलाचा वाटतो. सगळे दुःख जाईल असा दावा नाही. ज्या घरात दिवसातून पाच वेळा नमाज होत होती, त्याच घराच्या चुलीवर दुःखासाठी पेजही शिजत होती.

हाच धागा पुढे विद्वानांच्या हाती गेला. अबू जैद अल-बल्खी हे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. आजच्या उत्तर अफगाणिस्तानातल्या बल्खजवळच्या खेड्यात इ.स. ८५० च्या सुमारास जन्म, ९३४ मध्ये मृत्यू. नकाशे काढणाऱ्यांची एक मोठी परंपरा त्यांच्या नावाने ओळखली जाते. तरुणपणी ते मुलांना शिकवणारे मास्तर होते, हे वाचून मला उगीच आपलेपणा वाटला. त्यांनी 'मसालिहुल अबदान वल अनफुस' नावाचा ग्रंथ लिहिला, म्हणजे शरीराचे आणि मनाचे हित. त्याची हस्तलिखिते इस्तंबूलच्या आयासोफिया संग्रहात टिकून राहिली.

बल्खी म्हणतात, वैद्य शरीराबद्दल पुष्कळ लिहितात आणि मनाचे दुखणे सोडून देतात. खरे तर शरीराचा आजार एखाद्याला वर्षानुवर्षे होत नाही, पण चिंता, राग, भीती, गम यांतून कोणीच सुटत नाही. मग ते राग, भीती, दुःख आणि वसवसा, म्हणजे मनात पुन्हा पुन्हा येणारे नको ते विचार, यांवर वेगवेगळी प्रकरणे लिहितात. दुःखाचे ते दोन प्रकार करतात. एकाचे कारण ठाऊक असते: कोणी गेले, पैसा बुडाला. दुसऱ्याचे कारण सापडतच नाही. माणूस उगाच खचतो, कशात मन रमत नाही. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ ते शरीरात, रक्तातल्या बिघाडात शोधतात आणि त्यावर शरीराचेच औषधोपचार सांगतात. त्यांचे रक्ताविषयीचे वैद्यक आता जुने झाले. पण अकराशे वर्षांपूर्वी, अब्बासी काळातला एक दीनदार मुसलमान विनाकारण उदास असलेल्या माणसाला 'तुझे ईमान तपास' असे न म्हणता 'तुझी प्रकृती तपास' असे म्हणतो, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

त्यांचा एक सल्ला विद्यार्थ्याला सांगण्यासारखा होता. घरात जशी औषधे अडीअडचणीसाठी आधीच आणून ठेवतात, तसे धीराचे विचार मन निरोगी असतानाच साठवून ठेवावेत. आणि वसवशाने त्रासलेल्या माणसाने एकटे राहू नये.

आता इमाम गजालींकडे येतो, कारण ज्याच्यासाठी हे सगळे वाचले त्याच्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर तिथे आहे. अबू हामिद गजाली, जन्म १०५८, खुरासानातले तूस. १०९१ मध्ये सल्जूक वजीर निजामुल मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य शिक्षक नेमले. वय अवघे तेहतीस. शेकडो विद्यार्थी, दरबारात वजन. पुढच्याच वर्षी निजामुल मुल्क यांचा खून झाला आणि काही आठवड्यांत सुलतान मलिकशाहही वारला. राज्यात भाऊबंदकी सुरू झाली. इतिहासकार या राजकारणालाही गजालींच्या अस्वस्थतेचे एक कारण मानतात. ते काही अंशी असेलही, पण गजाली स्वतः दुसरेच सांगतात.

'अल-मुनकिज मिनद्दलाल' या आत्मकथनात ते लिहितात, की आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नसून नावासाठी शिकवतो हे त्यांना जाणवू लागले. सकाळी सगळे सोडून निघायचा निश्चय होई, संध्याकाळी तो मोडून पडे. हिजरी ४८८ च्या रजबपासून, म्हणजे इ.स. १०९५ च्या उन्हाळ्यापासून, सहा महिने ही ओढाताण चालली. आणि एक दिवस जीभच बंद झाली. विद्यार्थ्यांचे मन राखावे म्हणून एखादा तास तरी घ्यावा, असे ठरवून बसत, पण तोंडून शब्द फुटेना. मग अन्नपाणी सुटले. घोटभर पाणी गिळवेना, घास पचेना. अंगातली ताकद गेली. वैद्य आले, तपासले आणि त्यांनी हात टेकले. त्यांचे निदान असे होते की हा आजार मनात उतरला आहे आणि तिथून प्रकृतीत पसरला आहे. मनाची चिंता हलकी झाल्याशिवाय औषध चालणार नाही.

मी वीस वर्षे शिकवतो आहे. वर्गात उभे राहून तोंडून शब्द न फुटणे म्हणजे काय, याची नुसती कल्पना करूनही घसा कोरडा पडतो.

विचार करा, ही अवस्था कोणाची होती? ज्यांना पुढे मुस्लिम जगाने 'हुज्जतुल इस्लाम' म्हटले त्यांची. नमाज त्यांना ठाऊक नव्हती? पाच वक्त चुकत होते? तरी मन मोडले आणि मनाने शरीर मोडले. त्यांच्या काळातल्या कोणा चाचाने त्यांनाही ईमान कच्चे आहे असे म्हटले असेल तर इतिहासाने ते नाव जपलेले नाही.

शेवटी, दुसरा कोणताही उपाय न उरलेल्या माणसासारखे अल्लाहकडे वळलो आणि सोडून जाणे सोपे झाले, असे ते लिहितात. मक्केला जातो असे सांगून, मुलाबाळांपुरते ठेवून बाकीची मालमत्ता वाटून त्यांनी बगदाद सोडले आणि शामची वाट धरली. दमास्कसमध्ये जवळजवळ दोन वर्षे राहिले. उमय्या मशिदीच्या मिनारावर चढून दिवसभर दार लावून बसत. नंतर बैतुल मकदिस, मग हज. पुढे मुलांची ओढ त्यांना गावाकडे घेऊन आली. या सगळ्या काळात पूर्ण शांती मिळाली असा त्यांचा दावा नाही. संसाराच्या आणि पोटापाण्याच्या चिंता मध्ये मध्ये येतच राहिल्या, मन निवांत होई ते अधूनमधूनच, असे ते प्रामाणिकपणे नोंदवतात.

याच वर्षांत 'इह्या उलूमिद्दीन' लिहिला गेला. त्यातला नमाजच्या रहस्यांवरचा भाग मी पूर्वी वाचला होता, पण तो लिहिणाऱ्याचा आजार डोळ्यांपुढे ठेवून वाचला नव्हता. या खेपेला तो वेगळाच वाटला. नमाजमध्ये मन का भटकते याची ते अगदी व्यवहारी कारणे देतात. काही कारणे बाहेरची: डोळ्याला दिसते, कानाला ऐकू येते. त्यावर उपाय साधे: नजर खाली ठेवा, भिंतीजवळ उभे राहा, अंधाऱ्या जागी पढा. काही आतली: ज्याचे मन चिंतांच्या दहा वाटांनी धावते त्याला डोळे मिटूनही फायदा नाही. त्याने हातातले निकडीचे काम आधी उरकावे, आणि पढतो त्या शब्दांच्या अर्थाकडे मनाला पुन्हा पुन्हा वळवावे. जेवण पुढे आले असेल तर आधी जेवावे हे हदीसचेच सांगणे ते इथे आठवण करून देतात. भटकणाऱ्या मनाला ते शिव्या देत नाहीत.

आणि याच ग्रंथाच्या पहिल्या भागात, ज्ञानाच्या प्रकरणात, त्यांची एक तक्रार आहे. वैद्यक हे फर्जे किफाया आहे. वस्तीत कोणीच शिकले नाही तर सगळे गुन्हेगार. तरी कित्येक गावांत मुसलमान वैद्य सापडत नाही आणि फिकहच्या वादविवादाला मात्र झुंबड उडते. नमाजची रहस्ये लिहिणाऱ्या लेखणीनेच हेही लिहिले आहे.

उलट बाजूही आपल्या लोकांनी पाहिली होती. कधी कधी नमाजच ताणाचे कारण बनते. बगदादचे इब्ने जौजी (मृत्यू १२०१) 'तलबीस इबलीस'मध्ये एक किस्सा सांगतात. एक माणूस हंबली विद्वान इब्ने अकील यांच्याकडे आला. म्हणाला, पाण्यात कितीदा डुबकी मारली तरी गुसल झाले की नाही अशी शंका राहते, मी काय करू? इब्ने अकील म्हणाले, तुझ्यावर नमाजच माफ आहे, कारण वेड्यावर फर्ज नसते आणि इतक्या डुबक्या मारून भिजलो की नाही असे ज्याला वाटते तो वेडाच. उत्तरात टोचणी आहे, आज आपण आजारी माणसाशी असे बोलणार नाही. पण दहा वेळा वुजू करणाऱ्याला परहेजगार न समजता त्याची तकलीफ ओळखण्याची नजर तेव्हा होती. माझ्या ओळखीच्या एक वयस्कर खाला वुजूच्या नळावर अर्धा अर्धा तास बसायच्या, आणि आम्ही त्यांना सुफी म्हणून मान देत राहिलो.

दमास्कसच्या किल्ल्यात आपल्या उस्तादांसोबत कैद भोगलेले इब्ने कय्यिम (मृत्यू १३५०) नमाजला दुःखावरच्या उपायांत मोठे स्थान देतात, आणि औषध घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही हेही त्याच पुस्तकात ठासून सांगतात. १४८८ मध्ये सुलतान बायजीद दुसरा याने तुर्कस्तानातल्या एदिर्ने इथे मशीद, वैद्यकाचा मदरसा, लंगर आणि इस्पितळ एकाच आवारात बांधले. तिथे मनाच्या रुग्णांना संगीत आणि वाहत्या पाण्याचा आवाज ऐकवत, असे प्रवासी एवलिया चेलेबीने सतराव्या शतकात लिहिले. इमारती अजून उभ्या आहेत. मशिदीच्या घुमटापासून इस्पितळाच्या घुमटापर्यंत चालत जायला फार वेळ लागत नसेल.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला एकदम सांगितले नाही. पुन्हा आला तेव्हा इमरान बिन हुसैन यांची हकिकत सांगितली आणि मग गजालींची. ऐकताना तो पहिल्यांदाच सरसावून बसला. जिल्ह्याच्या ठिकाणी मनाचे एक डॉक्टर आहेत, तिथे मी सोबत येतो म्हणालो. तो म्हणाला, घरी कळलं तर? मी म्हणालो, मलाही झोपेची तक्रार आहे, माझ्यासाठी गेलो होतो असं सांग. गुरुवारी गेलो. आमचा नंबर यायच्या आधी असरची वेळ झाली, तेव्हा दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात दोघांनी रुमाल अंथरून नमाज पढली. त्याला औषध लिहून दिले आणि पंधरा दिवसांनी बोलावले.

परतताना बसमध्ये त्याने विचारले, "सर, त्या इमामसाहेबांना पुन्हा शिकवायला लागायला किती दिवस लागले?"

मी सांगितले, हिजरी ४८८ मध्ये गेले आणि ४९९ मध्ये नेशापूरच्या मदरशात पुन्हा उभे राहिले. अकरा वर्षे. तो खिडकीबाहेर बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे मला अजून वेळ आहे."